कठडा कोणी बांधावा?

सुरतेत जानेवारी उजाडला की मुलांचे पाय जमिनीवर ठरत नाहीत. उत्तरायणाच्या दिवशी तर सारे शहर गच्चीवर राहायला जाते. येथील बोलीत तिला अगाशी म्हणतात. डोळे पतंगाकडे आणि पावले मागे मागे, अशा स्थितीत तोल जाऊन कोणी पडल्याची बातमी दरवर्षी कोठून ना कोठून येतेच. म्हणून आमच्या संडे स्कूलच्या एका शिक्षिकाबाईंनी सणाच्या आदल्या रविवारी मुलांपुढे अनुवाद २२:८ हे वचन ठेवले. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा घालावा. तो नसल्यामुळे कोणी खाली पडला तर त्या रक्ताचा दोष घरधन्यावर येतो, असा त्या वचनाचा आशय आहे. सुरतेच्या मुलांना ह्याहून सोपा धडा तो कोणता?

परंतु धडा संपता संपता एका मुलाने हात वर केला. त्याने विचारले, "बाई, महानगरपालिकेने कठड्याचा नियमच केला नसता, तर न बांधणाऱ्याला पाप लागले असते का?" बाईंनी प्रामाणिकपणे सांगितले की विचार करून पुढल्या रविवारी सांगते, आणि तो प्रश्न घेऊन त्या आमच्याकडे आल्या.

प्रश्न लहान मुलाचा असला तरी लहान नव्हता. आम्हांला तर तो चांगलाच बोचला. कारण हाच प्रश्न एका मोठ्या माणसाने आम्हांला काही वर्षांपूर्वी विचारला होता, आणि आम्ही त्याला चुकीचे उत्तर दिले होते.

उधन्यात आमच्या मंडळीतील एका तरुणाचे लहानसे दुकान आहे. मोबाइलचा रिचार्ज, विजेचे बिल, गावी पैसे पाठवणे अशी कामे तो करतो. उधना आणि लिंबायत ह्या भागांत खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. यंत्रमागांवर राबणाऱ्या ह्या लोकांची पगाराच्या दिवशी त्याच्या दुकानापुढे रांग लागते. एके दिवशी एका अनोळखी गृहस्थाने त्याला एक जोडधंदा सुचवला. कोणी रोख आणून देईल, कोणी खात्यात पैसे टाकील. तू आपल्या मोबाइलमधून तो दाखवील त्या पत्त्यावर तेवढ्या किमतीचे आभासी चलन पाठवून द्यायचे. हजारामागे ठरलेली दलाली तुझी. तो तरुण आमच्याकडे आला आणि म्हणाला, "काका, ह्याला कायद्यात मनाई आहे का?" आम्ही चार ठिकाणी चौकशी केली. मनाई करणारा कायदा कोणी दाखवीना. आम्ही म्हणालो, "मनाई नसेल तर तुझे तू ठरव."

काही महिन्यांतच आमच्याच मंडळीतील एक निवृत्त परिचारिका त्या दुकानात आल्या. पोलीस अधिकारी असल्याचे सोंग करणाऱ्या कोणी त्यांना फोनवर धमकावले होते: तुमच्या नावावर गुन्हा नोंदला आहे, अटक टाळायची तर पैसे भरा, फोन ठेवू नका, कोणाशी बोलू नका. बाई फोन कानाला लावूनच दुकानात उभ्या होत्या. पिशवीत पुंजी होती. हात थरथरत होते. दुकानदाराने ते पाहिले. तो त्यांना लहानपणापासून मावशी म्हणत आला होता. पण तो काही बोलला नाही. त्याने नोटा मोजल्या आणि चलन पाठवून दिले. एकदा गेलेले ते चलन परत आणण्याचा मार्ग नसतो.

पुढे तक्रार झाली, तपास झाला आणि दुकानदाराचे बँकेतील खाते गोठवले गेले. त्यात रिचार्जच्या धंद्याचे पैसे होते, मुलांच्या शाळेची फी होती. कित्येक महिने ते खाते खुले झाले नाही. तेव्हा तो आमच्यापाशी बसून रडला आणि म्हणाला, "काका, मी काय केले? मी तर नुसती खिडकी होतो."

खिडकीला दोष लागतो काय? वाचकहो, हाच आजचा विचार आहे. आणि तो आमच्या एका दुकानदारापुरता नाही, कारण परदेशांत ह्या खिडकीचे यंत्र झाले आहे, आणि तेथील सरकारे त्याच्यापुढे हाच प्रश्न घेऊन उभी आहेत.

बँकेच्या एटीएमसारखे दिसणारे हे यंत्र. फरक असा की त्यात नोटा घातल्या की आपल्या खात्यात रुपये किंवा डॉलर जमा होत नाहीत, तर बिटकॉइनसारखे आभासी चलन आपण दाखवलेल्या पत्त्यावर जाते. असे पहिले यंत्र ऑक्टोबर २०१३ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे एका कॉफीच्या दुकानात बसले. पुढे एकट्या अमेरिकेत अशी हजारो यंत्रे झाली. ती पेट्रोलपंपावर असतात, किराणा दुकानाच्या कोपऱ्यात असतात. यंत्राचा चालक कोठे तरी दूर असतो. दुकानदाराला कोपऱ्याचे भाडे मिळते. आणि नोटा घालणाऱ्या माणसाच्या कानाला फोन लावलेला आहे काय, हे पाहण्याचे काम कोणाचेच नसते. अमेरिकेच्या एफबीआय ह्या तपाससंस्थेकडे २०२४ ह्या एका वर्षात ह्या यंत्रांशी संबंधित सुमारे ११ हजार तक्रारी आल्या आणि त्यांतील नुकसान २४ कोटी डॉलरांहून अधिक होते. सर्वांत जास्त झळ लागली ती साठीपुढील लोकांना. म्हणजे आमच्या मावशी एकट्या नाहीत.

तेव्हा कठडा घालायला सरकारे पुढे झाली, पण प्रत्येकाने निराळ्या रीतीने. कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२४ पासून एका माणसाला एका यंत्रचालकाकडे दिवसाला १,००० डॉलर ही मर्यादा घातली आणि २०२५ पासून आकाराला साधारण १५ टक्क्यांची सीमा बांधली. ब्रिटनमध्ये नोंदणी आवश्यक ठरली, पण नियामकाने ह्या यंत्रांसाठी कोणालाही मान्यता दिली नाही. तरीही यंत्रे चालवणाऱ्या एका माणसाला फेब्रुवारी २०२५ मध्ये चार वर्षांचा कारावास झाला. न्यूझीलंडने जुलै २०२५ मध्ये यंत्रे सरसकट बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. एकाने कठड्याची उंची ठरवून दिली, दुसऱ्याने परवान्याची अट घालून परवाना दिला नाही, तिसऱ्याने गच्चीच बंद केली.

आपल्या देशात काय झाले? ती हकिगत लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे, कारण तीत चालकाचीही एक बाजू आहे.

१ फेब्रुवारी २०१८ रोजी अर्थसंकल्प मांडताना अर्थमंत्री अरुण जेटली ह्यांनी सांगितले की सरकार ह्या चलनाला वैध चलन मानत नाही. पुष्कळांनी ह्याचा अर्थ 'हे बेकायदेशीर आहे' असा घेतला. परंतु दोहोंत अंतर आहे. सोन्याची अंगठीही वैध चलन नाही. दुकानदाराने ती किमतीपोटी घेतलीच पाहिजे असे बंधन नाही. म्हणून अंगठी बाळगणे गुन्हा होत नाही. ६ एप्रिल २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून बँकांना सांगितले की ह्या व्यवहारांतील लोकांना सेवा देऊ नका आणि तीन महिन्यांत संबंध संपवा. धंदा बंद करा असे कोणी म्हटले नाही. फक्त बँकेचे दार बंद झाले.

त्या कोंडीतून वाट काढण्यासाठी युनोकॉइन ह्या कंपनीने ऑक्टोबर २०१८ मध्ये बंगळूरच्या एका मॉलमध्ये एक यंत्र उभे केले. ग्राहकांनी आपले रुपये रोख भरावेत व रोख काढावेत, अशी योजना होती. थोड्याच दिवसांत पोलिसांनी यंत्र जप्त केले आणि कंपनीच्या दोघा संस्थापकांना अटक केली. राज्य सरकारची परवानगी घेतलेली नाही आणि हा व्यवहार कायद्याच्या कक्षेबाहेरचा आहे, असे पोलिसांचे म्हणणे. कोणत्याही कायद्याने हे मना केलेले नाही, असे चालकांचे म्हणणे. पुढे त्यांना जामीन मिळाला. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने रिझर्व्ह बँकेचे ते परिपत्रक रद्द केले. बँकेला अधिकार आहे, पण तिच्या देखरेखीखालील संस्थांचे कोणतेही नुकसान तिने दाखवलेले नाही, तेव्हा एवढा कठोर उपाय प्रमाणाबाहेर आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्यानंतर २०२२ पासून ह्या व्यवहारातील नफ्यावर ३० टक्के कर आला. कर घेतला म्हणजे मान्यता दिली असे नव्हे, असेही सरकारने सांगितले. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने ह्या व्यवसायातील लोकांवर काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्याखाली ग्राहकाची ओळख पटवण्याचे व संशयास्पद व्यवहार कळवण्याचे बंधन आले.

आता न्यायबुद्धीने विचार करू. ज्या परवान्यासाठी अर्ज करण्याची खिडकीच कोठे नाही, तो परवाना घेतला नाही म्हणून माणसाला कोठडीत घालणे योग्य काय? शास्त्रातील नियमशास्त्राची एक रीत आपण पाहतो: आधी आज्ञा सांगितली जाते, मग तिच्या उल्लंघनाचा दोष लागतो. खड्डा झाकावा असे आधी सांगितले, म्हणून बैल पडल्यास भरपाई मागता येते. अधिकारी देवाचे सेवक आहेत असे रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल म्हणतो. पण सेवकाने धन्याची रीत पाळावी. कठडा किती उंच हवा हे न सांगता घर पाडणारे सरकार लोकांना कायद्याचा आदर शिकवीत नाही, केवळ कायद्याची भीती शिकवते. आणि भीती शिकलेला माणूस व्यवहार थांबवीत नाही, तो पडद्याआड करतो. मॉलमधील यंत्र सर्वांच्या डोळ्यांपुढे होते. आमच्या दुकानदाराचा व्यवहार कोणाच्याच डोळ्यांपुढे नव्हता.

तरीही एवढ्यावर थांबून भागणार नाही. कारण कायदा गप्प असला म्हणजे काय होते, हे सुरतेइतके कोणाला ठाऊक असणार?

हे शहर पूर्वीपासून सराफांचे. मोगल अमदानीत हे मोठे बंदर होते, येथे टांकसाळ होती आणि येथील सराफांच्या हुंड्या दूरदूर वटत. सरकारी कायदा तेव्हा हुंडीला नव्हता. होता तो पेढीचा शब्द. १८८१ चा परक्राम्य दस्तऐवजांचा कायदा आला तेव्हाही देशी भाषांतील हुंडीच्या स्थानिक रूढींना त्याने हात लावला नाही. आजही महिधरपुरा आणि वराछा येथील हिऱ्यांच्या बाजारात लाखोंचा माल कागदाच्या पुडीतून शब्दावर हातोहात जातो. म्हणजे कायदा नसतानाही कठडा असू शकतो. तेथे तो कठडा म्हणजे ओळख. देणारा घेणाऱ्याचे तोंड पाहतो, त्याच्या बापाला ओळखतो, आणि शब्द मोडला तर बाजारात पुन्हा उभे राहता येत नाही.

पण त्याच सुरतेने दुसरे रूपही पाहिले. बिटकनेक्ट नावाची योजना २०१६ च्या सुमारास निघाली. तिच्या संस्थापकाचे संबंध सुरतेशी होते. महिन्याला चाळीस टक्क्यांपर्यंत परतावा देण्याचे आमिष होते, आणि नवा माणूस आणणाऱ्याला दलाली. अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या नियामकाने ४ जानेवारी २०१८ रोजी मनाईहुकूम काढला आणि त्याच महिन्यात योजनेचा गाशा गुंडाळला गेला. अमेरिकी सरकारने २०२२ मध्ये लावलेल्या आरोपांत फसवणुकीचा आकडा सुमारे २४० कोटी डॉलर आहे. त्याच २०१८ मध्ये सुरतेच्या एका बांधकाम व्यावसायिकाचे अपहरण करून त्याच्याकडील बिटकॉइन लुबाडण्याचे प्रकरण घडले. तपासात त्याच्यावरही तशाच कृत्याचा आरोप आला. ऑगस्ट २०२५ मध्ये अहमदाबादच्या विशेष न्यायालयाने त्या प्रकरणी चौदा जणांना जन्मठेप सुनावली. त्यांत एक माजी आमदार आणि जिल्ह्याचे एक माजी पोलीस प्रमुख होते. कठडा नसलेल्या गच्चीवर केवळ भोळे लोकच पडत नाहीत; राखणदारही पडतात.

ह्यावरून आम्हांला असे वाटते की कायद्याचे मौन ही परवानगी नव्हे. ते केवळ मौन आहे. कायदा नेहमी मागून येतो. आधी कोणी तरी पडतो, मग नियम होतो. मधल्या काळात गच्चीची कड कोठे आहे हे एकट्या घरधन्यालाच ठाऊक असते. म्हणून पहिले कर्तव्य त्याचे. थरथरते हात सरकारला दिसत नाहीत. ते खिडकीपलीकडच्याला दिसतात. त्याने एवढेच विचारायचे होते: "मावशी, फोनवर कोण आहे?" एवढ्या चार शब्दांचा कठडा पुरला असता. ते विचारण्याची सक्ती कोणत्याही कलमात नव्हती, आणि न विचारण्याचीही नव्हती.

ह्यावर धंद्यातील माणूस एक खरी अडचण सांगेल, आणि ती आपण टाळता कामा नये. तो म्हणेल, "मी ग्राहकाला थांबवले, चौकशी केली, आकार कमी ठेवला, तर तो शेजारच्या दुकानात जाईल. माझा धंदा बसेल, शेजाऱ्याचा वाढेल, आणि म्हातारी तेथे जाऊन फसेलच." हे खोटे नाही. कॅलिफोर्नियात मर्यादा आली तेव्हा आमचा धंदाच बुडेल, अशी चालकांनी तक्रार केली. काहींची ती खरीही असेल. परंतु ह्याच अडचणीतून कायद्याचे खरे काम कळते. चांगल्या माणसाला चांगले करणे हे कायद्याचे काम नाही. चांगल्या माणसाला त्याच्या चांगुलपणाचा दंड होऊ नये, हे त्याचे काम आहे. सर्वांच्या गच्चीला सारखाच कठडा घालणे भाग पडले, की कठड्यावर खर्च करणारा एकटा वेडा ठरत नाही. दोन मापे ठेवणाऱ्या वाण्याशेजारी खरे माप ठेवणारा वाणी टिकावा, म्हणून वजनमापांची तपासणी असते. तिला विरोध करायचा तर खोट्या मापवाल्याने करावा. खऱ्या मापवाल्याने तिची मागणी केली पाहिजे. आणि नियम पाळूनही जो धंदा चालू शकत नाही, तो मुळात कोणाच्या पडण्यावर चालत होता, हे चालकाने स्वतःच्या मनाशी तपासावे.

अर्थात नियमही न्यायाचा हवा. तो आधी सांगितलेला हवा, सर्वांना सारखा हवा, आणि लहान दुकानदाराला समजेल अशा भाषेत हवा. चुकलेला आणि चोर ह्यांना एकाच दोरीने बांधणारा नसावा. संशयाच्या रकमेबरोबर मुलांच्या फीचे पैसेही महिनोन्‌महिने गोठवणे, हा कठडा नव्हे.

आता उधन्याच्या दुकानाकडे परत जाऊ. आमच्या त्या तरुणाला न्यायालयाने दोषी ठरवले नाही. कदाचित ठरवणारही नाही. खाते खुले झाल्यावर पहिल्या महिन्यात तो एक पाकीट घेऊन मावशींच्या घरी गेला. दलाली परत करून तो मोकळा झाला असता. पण त्याने दलाली नव्हे, मूळ रक्कम थोडी थोडी फेडायला घेतली. हे त्याला कोणी सांगितले नव्हते. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात खड्डा उघडा ठेवणाऱ्याने बैलाच्या धन्याला भरपाई द्यावी असे आहे. ते त्याने वाचले होते की नाही, आम्ही विचारले नाही. मावशींनी पहिल्यांदा पाकीट घेतले नाही. तो पायरीवर बसून राहिला. तेव्हा त्यांनी दार उघडले, पाकीट घेतले आणि त्याच्यासाठी चहा टाकला.

तिसऱ्या महिन्यापासून त्या पाकिटात थोडे आमचेही असते. आम्ही काही दान करीत नाही. 'मनाई नसेल तर तुझे तू ठरव' हे वाक्य आमचे होते, आणि त्याची किंमत मावशींनी एकट्यांनी का भरावी?

शिक्षिकाबाईंना आम्ही उत्तर पाठवले ते असे. मुलांना सांगा की नियम नसता तरीही दोष लागलाच असता; कारण पडणारे मूल नियम आहे की नाही हे पाहून पडत नाही. आणि हेही सांगा की मोठे होऊन तुमच्यापैकी कोणी महानगरपालिकेत बसला, तर त्याने लोकांना कठड्याची उंची आधी सांगावी, दंडाची पावती मागून फाडावी.

बाईंनी कळवले की त्या मुलाने उत्तर ऐकून घेतले, थोडा वेळ विचार केला आणि विचारले, "मग आमच्या इमारतीच्या अगाशीचा कठडा एका बाजूला मोडला आहे, तो कोणी बांधायचा?" त्या रविवारी उपासनेनंतर त्याचे वडील आणि शेजारचे दोघे गवंडी शोधायला गेले.

प्रिय वाचकहो, आपल्यापैकी कोणाच्या हाती दुकान आहे, कोणाच्या हाती बँकेची खिडकी, कोणाच्या हाती सहीचा अधिकार. प्रत्येकाची गच्ची निराळी, पण प्रत्येक गच्चीवर कोणी तरी विश्वासाने वर येत असते. कोठे कठडा मोडला आहे, हे पाहण्याची दृष्टी प्रभू आपणांस देवो, आणि दुसऱ्याने सांगण्याआधी तो बांधण्याची बुद्धीही देवो.